हातात काय आहे, आणि तो करतोय काय

‘बंदूक घेऊन एक माणूस चाललाय,’ एवढंच सांगणारा फोन ओहायोत गुन्ह्याची खबर ठरत नाही. माणूस सज्ञान असेल, रस्ता सार्वजनिक असेल आणि कायद्याने त्याला शस्त्र बाळगायला मनाई केलेली नसेल, तर कंबरेला उघडं पिस्तूल लावून किंवा खांद्याला रायफल अडकवून चालणं हा त्याचा हक्क आहे. पण फोन करणाऱ्याचा आवाज कापत असतो. मागे मूल रडत असतं, किंवा गाडीची दारं धाडकन बंद होत असतात. त्या माणसाचा हक्क खरा आणि फोन करणाऱ्याची भीतीही खरी. दोन्ही एकाच वेळी माझ्या कानात येतात, कारण मी इथल्या एका काउंटीच्या केंद्रात ९११चे फोन घेते.

आमच्या कामाची रीत थोडक्यात सांगते. फोन माझ्याकडे येतो. मी बोलता बोलता टाइप करते. माझ्या पडद्यावरची ओळ त्याच क्षणी रेडिओवर बसलेल्या डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटते आणि तो ती गस्तीच्या गाड्यांना वाचून दाखवतो. गाडीतल्या पोलिसाने तो माणूस पाहिलेला नसतो, फोन करणारीला ऐकलेलं नसतं. तिथे पोचेपर्यंत त्याच्या हाती माझी एक-दोन वाक्यंच असतात. त्या वाक्यांवर त्याचा हात कुठे असेल हे ठरतं, गाडी किती जवळ थांबेल हे ठरतं, पहिला शब्द कुठल्या स्वरात निघेल हेही ठरतं.

माझं माहेर सिंधुदुर्गात. आमच्या भागात बंदूक म्हणजे माकडं आणि रानडुकरांपासून बागायत राखायची वस्तू. काकांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि ठासणीची जुनी बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि सगळं पार पडलं की पावती दाखवून परत आणायची. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली वाढलेल्या माणसाला बंदूक ही सरकारने दिलेली आणि सरकारने कधीही मागून घ्यावी अशी गोष्ट वाटते. गावात कुणी बंदूक घेऊन बाजारात उभा राहिला असता तर पोलिसांनी आधी परवाना मागितला असता आणि बाकीच्या चौकश्या मागाहून केल्या असत्या.

ओहायोत क्रम उलटा आहे. स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क १८५१च्या राज्यघटनेत लिहिलेला आहे. शस्त्र लपवून नेण्यावर इथे पूर्वी बंदी होती. २००३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली, तेव्हा लोकांनी कंबरेला उघडी पिस्तुलं लावून मोर्चे काढले: लपवायचं नाही म्हणता, तर दाखवूनच चालतो. २००४मध्ये लपवून नेण्याचे परवाने सुरू झाले आणि जून २०२२पासून एकवीस आणि त्यावरच्या वयाच्या पात्र माणसाला त्या परवान्याचीही गरज उरली नाही. उघडं शस्त्र मात्र या सगळ्या काळात परवान्याविनाच चालत आलं. शहरांनाही आपापले कडक नियम करता येत नाहीत. राज्याच्या कायद्यापुढे ते टिकत नाहीत. जुलै २०१६मध्ये क्लीव्हलँडला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. त्याच महिन्यात डॅलस आणि बॅटन रूज इथे पोलिसांचे बळी गेले होते. क्लीव्हलँडच्या पोलीस संघटनेने गव्हर्नर जॉन केसिक यांच्याकडे तेवढ्या दिवसांपुरतं उघडं शस्त्र बंद करण्याची मागणी केली. असा अधिकारच आपल्याला नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. घटनेतला हक्क गव्हर्नरला चार दिवसांसाठीही बाजूला ठेवता येत नाही, हे माझ्यासारखीला पचायला वेळ लागला.

प्रशिक्षणात आम्हाला प्रश्नांचा क्रम पाठ करवला गेला. कुठे, काय, कधी, कोण, शस्त्र आहे का. मग वर्णन: वंश, लिंग, वय, उंची, बांधा आणि डोक्यापासून पायापर्यंत कपडे. पोलिसाला गर्दीतून माणूस ओळखता यावा म्हणून हा क्रम आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण मला शिकवणारी ज्येष्ठ सहकारी एक प्रश्न या सगळ्यांच्या आधी घालायची. ‘तो आत्ता करतोय काय?’ ती म्हणायची, लोक हातात काय आहे ते सांगतात, चेहरा कसा आहे ते सांगतात, आणि करतोय काय हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

उन्हाळ्यातला एक फोन त्याचं चांगलं उदाहरण आहे. बागेत मुलांना घेऊन आलेली बाई सांगत होती की इथे एका माणसाकडे बंदूक आहे, लवकर या. मी विचारलं, बंदूक कुठे आहे? कंबरेला. होल्स्टरमध्ये? हो. हात बंदुकीवर आहे? नाही. मग हात कुठे आहेत? ती थांबली आणि म्हणाली, ‘मुलीला झोका देतोय.’ मी तिला सांगितलं की हे इथल्या कायद्यात बसतं. त्याने शस्त्राला हात घातला, कुणाला धमकावलं किंवा तुम्हाला काही वेगळं दिसलं तर लगेच पुन्हा फोन करा. ती संतापली. ‘म्हणजे त्याने गोळी झाडल्यावर येणार का तुम्ही?’

या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो प्रश्न खोटाही नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ला कोलोराडो स्प्रिंग्ज इथल्या एका बाईने शेजारी रायफल घेऊन फिरणारा माणूस पाहून ९११ला फोन केला. फोन घेणारीने तिला कोलोराडोत शस्त्र उघडपणे बाळगणं कायदेशीर असल्याचं समजावलं. थोड्याच वेळात त्या माणसाने तिघांचे जीव घेतले. फोन घेणारीने कायदा चुकीचा सांगितला नव्हता. पहिली गोळी सुटेपर्यंत रस्त्यावरून रायफल नेणारा खुनी आणि रस्त्यावरून रायफल नेणारा हक्कदार नागरिक लांबून सारखेच दिसतात, हे उघड्या शस्त्राच्या कायद्याने पत्करलेलं वास्तव आहे. ४ ऑगस्ट २०१९ला मध्यरात्रीनंतर आमच्याच राज्यात, डेटनच्या ओरेगॉन डिस्ट्रिक्टमध्ये एका बंदूकधाऱ्याने नऊ जणांना मारलं. जवळच गस्तीवर असलेल्या पोलिसांनी त्याला साधारण अर्ध्या मिनिटात गाठून ठार केलं, तरी नऊ जण गेले. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक फोनमध्ये डेटन होतं. फोन करणाऱ्यांच्या मनात होतं, आमच्याही मनात होतं.

पण त्याच डेटनला लागून बीव्हरक्रीक आहे, आणि तिथे ५ ऑगस्ट २०१४ला जे घडलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विसरता येत नाही. बावीस वर्षांचा जॉन क्रॉफर्ड वॉलमार्टमध्ये फोनवर आपल्या मुलांच्या आईशी बोलत फिरत होता. शेल्फवर खोक्याबाहेर पडलेली छर्‍यांची बंदूक त्याने उचलली. तिथे विकायला ठेवलेली वस्तू होती ती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने ९११ला फोन करून सांगितलं की एक माणूस बंदूक घेऊन हिंडतोय आणि लोकांवर रोखतोय. पोलीस आले आणि क्रॉफर्डला पाहिल्यावर काही क्षणांतच त्याला गोळ्या घालून मारलं. त्या पळापळीत एक बाईही हृदय बंद पडून गेली. दुकानातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण आणि फोनचं ध्वनिमुद्रण पुढे शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं गेलं. कानाला ‘रोखतोय’ ऐकू येत होतं आणि डोळ्यांना ते दिसत नव्हतं. तो बंदूक कुणावर रोखत नव्हता, हे फोन करणाऱ्यानेही नंतर मान्य केलं. ग्रँड ज्युरीने पोलिसांवर आरोप ठेवला नाही. खोटी खबर दिल्याबद्दल फोन करणाऱ्यावर खटला चालवण्याजोगा आधार आहे असं एका न्यायाधीशाने म्हटलं, पण खटला उभा राहिला नाही. आणि या सगळ्यात एक गोष्ट कायम खुपत राहते: क्रॉफर्डच्या हातातली बंदूक खरी असती, तरी ती हातात असणं ओहायोत गुन्हा नव्हता.

साडेतीन महिन्यांनी, २२ नोव्हेंबर २०१४ला, क्लीव्हलँडच्या एका बागेत बारा वर्षांचा टमीर राइस खेळण्यातल्या पिस्तुलाशी खेळत होता. फोन करणाऱ्या माणसाने पिस्तूल बहुधा खोटं असावं आणि तो बहुधा लहान मुलगा असावा, असं दोन्ही सांगितलं होतं. हे दोन ‘बहुधा’ गाडीपर्यंत पोचले नाहीत. गाडी मुलाच्या अगदी जवळ जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी टमीर गेला. फोन घेणारीला पुढे आठ दिवसांसाठी निलंबित करण्यात आलं. शिक्षा किती झाली हा माझा मुद्दा नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने शंका गाळली की गाडीतल्या पोलिसापर्यंत फक्त खात्री पोचते, आणि अशी खात्री जीव घेते. त्यामुळे ‘फोन करणाऱ्याला वाटतं’, ‘नक्की दिसलं नाही’, ‘बहुधा लहान मुलगा’ असे शब्द मी जसेच्या तसे टाइप करते. ‘रोखतोय’ म्हटलं की विचारते: कुणावर? नळीचं तोंड कुठे आहे? जमिनीकडे, आकाशाकडे, की माणसाकडे? यात काही सेकंद जातात. ते घालवायचे असतात.

पोलिसांची बाजू मी रोज रेडिओवर ऐकते, म्हणून ती हलक्यात घेत नाही. आमच्याकडच्या एका सार्जंटशी यावर माझं पुष्कळदा बोलणं झालंय. त्याचं म्हणणं सरळ आहे. शस्त्रधारी माणसाकडे जाताना समोरच्याच्या मनात काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि चूक झाली तर ती घरच्यांना कळवायला दुसरा कुणी जातो. पण त्यातून त्याने काढलेला धडा मला पटतो. तो अशा फोनवर गाडी लांब थांबवतो, आडोसा बघतो आणि आधी नुसतं पाहतो. माणूस काही करत नसेल तर लांबूनच नमस्कार-चमत्कार होतात आणि तो परत फिरतो. ‘अंतर असलं की वेळ मिळतो, आणि वेळ असला की विचार करता येतो,’ असं तो नव्या पोरांना सांगतो. तोच सार्जंट हेही सांगतो की काही जण मुद्दाम पोलिसांची परीक्षा घ्यायला रायफल घेऊन शाळेजवळच्या रस्त्यावर उभे राहतात, मोबाइलवर चित्रण करतात आणि काही घडण्याची वाट पाहतात. अशा वेळी जिल्ह्यातल्या दोन-तीन गाड्या त्या एका माणसाभोवती अडकतात आणि खरी मदत मागणाऱ्याला थांबावं लागतं. हक्काचं प्रदर्शन कायद्यात बसतं म्हणून त्याची किंमत कुणाला मोजावी लागत नाही, असं नाही.

न्यायालयांनी या भांडणावर बराच विचार केलाय, आणि त्यातली कळीची प्रकरणं आमच्याच राज्यातली आहेत. १९६३मध्ये क्लीव्हलँडच्या एका गुप्तहेर पोलिसाने दुकानासमोर येरझाऱ्या घालणाऱ्यांना अडवून चाचपलं. त्यातून १९६८चा ‘टेरी विरुद्ध ओहायो’ हा निकाल आला. वाजवी संशय असेल तर पोलीस माणसाला थोडा वेळ थांबवू शकतो, आणि तो शस्त्रधारी व धोकादायक वाटत असेल तर वरवर झडती घेऊ शकतो, असं त्यात ठरलं. ज्या काळात खिशातलं पिस्तूल हाच बहुधा गुन्हा होता, त्या काळात शस्त्रधारी असणं आणि धोकादायक असणं जवळजवळ एकच होतं. जिथे शस्त्र हा हक्क आहे तिथे ती जोडी फुटते. मग संशय कशावर उभा करायचा? २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातल्या एका प्रकरणात एकमताने सांगितलं की निनावी फोनवर नुसतं ‘याच्याजवळ बंदूक आहे’ असं कळणं झडतीला पुरेसं नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘नॉर्थरप विरुद्ध सिटी ऑफ टोलेडो पोलीस डिपार्टमेंट’. २०१०च्या जूनमध्ये टोलेडोत एक माणूस कंबरेला पिस्तूल लावून घरच्यांबरोबर कुत्र्याला फिरवत होता. मोटारसायकलवरून जाणाऱ्याने त्याला हटकलं आणि मग ९११ला फोन केला. फोन घेणाऱ्या केंद्राने त्याला कायदा सांगितला, तरी गाडी पाठवली. पोलिसाने त्या माणसाचं पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घातल्या आणि गाडीत बसवलं. २०१५मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्याचा दावा पुढे चालू दिला. जिथे शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे तिथे ते बेकायदेशीरच असेल असं धरून चालता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. आमच्या केंद्रात प्रशिक्षणाच्या वेळी हा निकाल समजावला जातो, आणि माझ्या मते तो जितका पोलिसांसाठी आहे तितकाच आमच्यासाठी आहे. फोन आला म्हणून गाडी पाठवणं हे निरुपद्रवी वाटतं. तसं ते नाही. शस्त्रधारी पोलिसाला शस्त्रधारी नागरिकासमोर उभं करणं हा एक निर्णय असतो आणि त्याची पहिली सही आमची असते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कायद्यात वंशाचा रकाना नाही. माझ्या पडद्यावर आहे. वर्षानुवर्षं फोन ऐकून मला जे दिसलं ते असं: गोऱ्या माणसाच्या कंबरेला पिस्तूल असलं तर पुष्कळदा फोन येतच नाही, आणि आला तरी ‘हे चालतं का हो?’ अशा विचारणीच्या सुरात येतो. कृष्णवर्णीय माणसाच्या कंबरेला तेच पिस्तूल असलं की फोन लवकर येतो, आवाज चढलेला असतो, आणि न पाहिलेल्या गोष्टीही त्यात मिसळतात. जुलै २०१६मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या परवानाधारकाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला स्वतः होऊन, शांतपणे सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे. काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. कॅस्टील मारला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या डॅलसच्या मोर्च्यात कायदेशीरपणे रायफल घेऊन चालणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर फिरवला. गोळीबाराशी त्याचा काही संबंध नव्हता. शस्त्रहक्काच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं होतं, मोठ्याने सांगायला हवं होतं. जो हक्क वापरताना एकाला सन्मान मिळतो आणि दुसऱ्याला मरणाची भीती बाळगावी लागते, तो हक्क त्या दुसऱ्याला अजून मिळालेलाच नाही.

यात आपले लोक बाजूला उभे नाहीत. गणपतीला मंडळात भेटणारी मंडळी मला विचारतात, ‘ताई, दुकानात कुणी बंदूकवाला दिसला तर फोन करायचा ना?’ एच-वन-बी व्हिसावर आलेल्या बहुतेकांना संघराज्याच्या कायद्याने स्वतः शस्त्र बाळगताच येत नाही. त्यांच्या वाट्याला फक्त दुसऱ्याच्या शस्त्राकडे पाहणं येतं. त्यांची भीती मला समजते. मीही त्याच भीतीने इथली पहिली वर्षं काढलीत. मी सांगते: जीव धोक्यात वाटला तर आधी तिथून निघा आणि जरूर फोन करा, संकोच करू नका. पण जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा. आणि फोन उचलण्याआधी स्वतःला विचारा, हाच माणूस गोरा असता, तर मी फोन केला असता का? हे ऐकून काही जण गप्प होतात, काही रागावतात. इथे येताना आपण माणसांच्या रंगाबद्दलची आपली जुनी मतं बरोबर आणलीत आणि इथल्या भीतीने त्यांना खतपाणी मिळालंय, हे मला त्यांच्या तोंडावर बोलावंच लागतं.

उघडं शस्त्र असावं की नसावं, यावर माझं मत आहे. मला ते नको वाटतं. ज्या रस्त्यावर शंभर जण निःशस्त्र आहेत तिथे एकाचं उघडं पिस्तूल बाकीच्यांच्या वागण्यावर दाब आणतं, असं मला वाटतं. पण कन्सोलवर बसल्यावर हे मत माझ्या कामाचं नाही. तिथे राज्याचा कायदा चालतो. तो न आवडणाऱ्या माणसानेही तो सरळपणे राबवायचा असतो, नाहीतर हक्क कुणाला मिळणार हे फोन घेणाऱ्याच्या आवडीवर ठरेल.

विधिमंडळाने हा हक्क रुंदावताना पुढची जबाबदारी मात्र पुरती उचललेली नाही. परवान्याची अट गेली की परवान्यासाठी सक्तीचं असलेलं प्रशिक्षणही गेलं. शस्त्रं वाढली, ती पाहून घाबरणाऱ्यांना कायदा समजावण्याची सोय कुणी केली नाही. फोन घेणाऱ्यांची भरती, पगार आणि शिकवणी काउंटीच्या ओढग्रस्त तिजोरीवर सोडून दिली. देशभरात हे काम अजून पुष्कळ ठिकाणी कारकुनी समजलं जातं. ज्या खोलीत हक्क आणि संशय यांची पहिली गाठ पडते, तिथे बसणाऱ्यांना कायदा नीट शिकवायला पैसा लागतो, आणि हक्क देणाऱ्या सरकारने तो द्यायला हवा.

आता मी नव्या मुलामुलींना शिकवते. पहिल्याच आठवड्यात बीव्हरक्रीक आणि कोलोराडो स्प्रिंग्ज ही दोन्ही प्रकरणं त्यांच्यासमोर ठेवते, कारण एकच शिकवलं तर ते एका बाजूला कलतील. ते विचारतात, मग नियम कोणता? मी म्हणते, जीव वाचवण्याची घाई करायचीच, पण ज्याच्याबद्दल फोन आलाय त्याचाही जीव त्यात धरायचा. तो आपल्याशी बोलत नसतो, आपला फोन चालू आहे हेही त्याला ठाऊक नसतं, आणि त्या वेळी त्याच्या बाजूने विचार करणारे फक्त आपण असतो. म्हणून आधी विचारायचं, तो करतोय काय. उत्तर मिळेल ते, शंकेसकट, लिहायचं. आणि मगच गाडी किती घाईने पाठवायची ते ठरवायचं.